फॅमिलीसाठी सेकंडहँड एटीव्ही घेताय? सोलापूरच्या धुळीत टिकेल अशी गाडी कशी निवडायची

सेकंडहँड एटीव्ही, म्हणजे जाड टायरची, बाईकसारखं हँडल असलेली रानात चालवायची गाडी, बघायला गेलं की आपली माणसं पहिला प्रश्न विचारतात, किती सीसीची हाय, आणि दुसरा, पळती किती. दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आपल्याकडं गाडी टिकणार का नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: आजपर्यंत इंजिनात धूळ किती गेलीय, आणि उद्या काही मोडलं तर तो पार्ट कुठून येणार. आणि घरच्यांसाठी घेताय म्हणून तिसरी गोष्ट, ती चालवणाऱ्या घरच्यांपैकी सगळ्यात हलकं माणूस कोण.

आधी चालवणार कुठं ते नक्की करा. आपल्याकडच्या बहुतेक एटीव्ही रजिस्ट्रेशनशिवाय विकल्या जातात, म्हणजे त्या स्वतःच्या रानात, वस्तीवर, फार्महाऊसच्या कंपाऊंडमध्ये चालवायच्या, डांबरी रस्त्यावर आणायच्या नाहीत. "शेतापासून शेतापर्यंतच तर जायचंय" असं म्हणून पोराच्या हातात देऊन हायवे क्रॉस करणं एकदम चूक, मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आलेल्या १९९अ कलमानं अल्पवयीन मुलगा रस्त्यावर गाडीसकट सापडला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. दुसऱ्या रानात न्यायची तर छोट्या टेम्पोत चढवून न्या. पोलॅरिसच्या स्पोर्ट्समन ५७० चं एक मॉडेल भारतात ट्रॅक्टर म्हणून रजिस्टर होणारं आलं होतं, तसली कोण विकत असेल तर आरसी बुक हातात घेऊन बघा, तोंडी बोलण्यावर जाऊ नका. आणि नान्नजकडचं माळरान मोकळं दिसतं म्हणून तिकडं मुळीच जायचं नाही, ते माळढोकचं अभयारण्य आहे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत तिथं.

आता मापाचं बघू. प्रत्येक चांगल्या कंपनीच्या एटीव्हीवर वयाचं स्टिकर असतं, उदाहरणार्थ पोलॅरिसची आउटलॉ ५० ही ६ वर्षांच्या पुढं आणि आउटलॉ ११० ही १० वर्षांच्या पुढं. ते स्टिकर खरवडून काढलेलं असेल तर विचारा का काढलं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर १६ वर्षांखालच्या मुलांना एटीव्ही देऊच नका म्हणतात, त्यामुळं लहान पोरासाठी घेणारच असाल तर निदान माप तरी नीट जुळवा. पोराला गाडीवर बसवा, मग फूटरेस्टवर उभं करा, सीट आणि पोराच्या मध्ये साधारण ३ इंच तरी जागा पाहिजे. हँडल एका बाजूला पूर्ण वळवल्यावर हात पूर्ण ताणला जायला नको, अंगठा थ्रॉटलला (अंगठ्यानं दाबायच्या अ‍ॅक्सिलरेटरला) आणि बोटं ब्रेकला आरामात पोचली पाहिजेत. यातलं एक जरी जमलं नाही तरी "वर्षभरात वाढेल की" म्हणून मोठी गाडी घेऊ नका, चपलेसारखं इथं चालत नाही, ३०० किलोची गाडी उलटून अंगावर आली तर मोठ्या माणसालासुद्धा हलत नाही.

आणि टाकीवर पुढं पोरगं बसवून फिरवायची आपल्याकडची सवय इथं बंद. बहुतेक एटीव्ही एकट्या माणसासाठीच बनवलेल्या असतात, सीट लांब दिसते ती वळणावर अंग सरकवायला जागा मिळावी म्हणून, डबलसीटसाठी नाही. दोघांनी बसायचंच असेल तर लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली), मागं पाठ टेकायला जागा आणि धरायला हँडल असलेली टू-अप गाडी शोधा. तीन चाकांची जुनी एटीव्ही कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, उलटण्याच्या प्रकारामुळं अमेरिकेत त्यांची विक्री १९८८ मध्ये बंद झालीय.

सोलापुरात विकायला येतात त्यातल्या बऱ्याच गाड्या कुठल्यातरी रिसॉर्टच्या किंवा बीच राइडच्या असतात. रिसॉर्टची गाडी म्हणजे रोज नवीन माणूस, थंड इंजिनवर फुल थ्रॉटल, हे गृहीत धरून बघा, मीटरवर किलोमीटर कमी असले तरी अवर मीटर (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा) असेल तर तास बघा. समुद्रावरच्या गाडीचं दुखणं वेगळं, मीठ. वरून नवीन प्लॅस्टिक आणि स्टिकर लावून चकाचक करतात, म्हणून सीट काढा आणि खालचे नटबोल्ट, बॅटरीचे टर्मिनल, वायरिंगचे कनेक्टर बघा, हिरवी पावडर धरलेली असेल तर ती गाडी सोडून द्या कारण वायरिंगचा त्रास कधी संपत नाही. माझं मत विचाराल तर सगळ्यात बरी गाडी फार्महाऊसवर उभी राहिलेली, एका घरची.

पण उभी राहिलेली असली तरी टाकी बघायचीच. आता पंपावर बहुतेक इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, सहा-सहा महिने अर्धी टाकी तशीच राहिली की आतून गंज आणि कार्बुरेटरचे जेट चोक. टाकीत टॉर्च मारा, पेट्रोलचा वास आंबूस येतोय का बघा.

आता मुख्य काम, एअर फिल्टर. बघायला जाताना पान्ह्यांचा सेट आणि एक पांढरा कपडा घेऊन जा. फिल्टरचा डबा उघडा, फिल्टर मळलेला असेल तर घाबरायचं कारण नाही, मळणं हेच त्याचं काम आहे. बघायचं आहे ते फिल्टरच्या पलीकडं, म्हणजे इंजिनकडं जाणाऱ्या रबरी नळीत बोटाला पांढरा कपडा गुंडाळून आत फिरवा. कपड्याला किरकिरीत धूळ लागली तर पिस्टन, रिंगा, सिलिंडर सगळ्यांनी ती खाल्लेली आहे, मग विकणारा कितीही "शोरूम कंडिशन" म्हणू दे. आपल्याकडं मार्च ते मे मुरमाच्या रस्त्यावर एकामागं एक गाड्या पळाल्या की मागच्याच्या फिल्टरची काय हालत होते ते बघितलेल्याला हे सांगावं लागत नाही.

विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा, आम्ही यायच्या आधी चालू करू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा, गरम लागलं तर विचारा का. थंड गाडी सेल्फवर किती वेळात पकडते ते महत्त्वाचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनमध्ये गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. ऑइल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलंय. ओळखीचा चांगला मिस्त्री असेल तर त्याला कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) घेऊन न्या, त्याची मजुरी वसूल होते.

मग जॅक लावा. प्रत्येक चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडं धरून हलवा, वर-खाली खेळ म्हणजे बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट, डावी-उजवीकडं म्हणजे टाय रॉड (हँडल आणि चाक जोडणारी दांडी). मागची चाकं फिरवून बाजूनं बघा, लहरत असतील तर उड्या मारून एक्सल वाकलाय. फूटरेस्टजवळ आणि पुढच्या आर्मच्या जोडाशी वेल्डिंग मारलंय का, एकाच ठिकाणी ताजा काळा रंग दिसतोय का, हे निवांत बघा. चेनची गाडी असेल तर स्प्रॉकेटचे दात हुकासारखे झालेत का. बेल्टची असेल तर सुरू होताना धक्का बसतो का, जळक्या रबराचा वास येतो का. रिव्हर्स टाका, हँडब्रेक चढावर लावून बघा, आणि दोरीचा किल स्विच (दोरी ओढली की इंजिन बंद करणारा) ओढून गाडी खरंच बंद होते का ते बघाच, रिसॉर्टच्या गाड्यांत तो बऱ्याचदा वायर थेट जोडून निकामी केलेला असतो.

टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वेड्या बाभळीच्या काट्यांनी किती पंक्चर खाल्लीत ते मोजा. हवा मात्र लक्षात ठेवा, एटीव्हीला साधारण ३ ते ७ पीएसआयच लागते, टायरवर लिहिलेलं असतं. पंक्चरवाला सवयीनं बाईकसारखी हवा भरतो आणि मग गाडी उड्या मारत पळते.

पार्टचं असं करा, पैसे ठरवायच्या आधी चेन किंवा बेल्ट, ब्रेक शू, एअर फिल्टर, कार्बुरेटर आणि टाय रॉड एंड एवढ्या पाच गोष्टींची किंमत आणि किती दिवसात येतं हे पार्टवाल्याला विचारा. बिननावाची चायना ११० सीसी स्वस्तात मिळते आणि तिचं इंजिन बहुतेक मिस्त्र्यांना जमतं, पण आर्म, हब असले पार्ट मॉडेलप्रमाणं बदलतात आणि तिथं गाडी महिनोन्‌महिने अडकते. पाचपैकी दोन जरी मिळत नसतील तर मी तरी घेणार नाही.

कागदात मूळ बिल मागा, चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर वाचून बिलाशी जुळवा, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची कॉपी आणि सहीची पावती घ्या. घासलेला नंबर दिसला की बोलणं तिथंच थांबवा.

घरी आणल्यावर जुन्या मालकानं कालच सर्व्हिसिंग केलंय म्हणाला तरी इंजिन ऑइल, गिअर ऑइल, स्पार्क प्लग आणि फिल्टर नवीन टाका. पोरांच्या गाडीला थ्रॉटलवर लिमिटरचा स्क्रू असतो, तो आत घालून वेग कमी करा आणि पोरगं वळताना अंग आत टाकायला शिकल्यावरच थोडा थोडा सोडा. आयएस ४१५१ चा (दुचाकी हेल्मेटच्या भारतीय मानकाचा) मार्क असलेलं, डोक्यात घट्ट बसणारं हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, ग्लोव्हज, पूर्ण बाह्या, आणि धुळीसाठी गॉगल, हे गाडी घ्यायच्या बजेटमध्येच धरा. उन्हाळ्यात दुपारी हवेवर थंड होणारं इंजिन फार तापतं, सकाळी नाहीतर उन्हं उतरल्यावर चालवा, आणि पावसाळ्यात काळ्या रानात नेली असेल तर मडगार्ड आणि रेडिएटरमधला चिखल ओला असतानाच धुऊन काढा, वाळला की काळ्या मातीचा दगड होतो.