ऑफिसच्या जुन्या डब्यात गेमचं कार्ड

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी भाच्यानं ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणला. सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम. "मामा, गेम चालन का यावर?"

आधी रॅम. त्या पिढीचे मदरबोर्ड डीडीआर४ जातीच्या रॅमचे असतात तसे जुन्या डीडीआर३एलचेही, त्यामुळे प्रोसेसरवरून अंदाज बांधू नये. सीपीयू-झेड या कॉम्प्युटरचे भाग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरीचं पान उघडलं: डीडीआर४. चुकीची पट्टी खाच जुळत नसल्यानं बसतच नाही, पण पैसे तर गेलेले असतात. ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळतं, दोन्ही पट्ट्या एकाच वेळी काम करतात. दुकानदार ३२०० वेगाची महागडी जोडी पुढं करत होता. हा प्रोसेसर तिला २१३३वरच चालवणार, मग कशाला?

खरं दुखणं पॉवर सप्लायचं. २४० वॅटचा, आणि ग्राफिक्स कार्डासाठी (गेमचं चित्र काढणारा भाग) वेगळी वायरच नाही. कार्ड बसतं त्या स्लॉटमधून मिळतात फार तर ७५ वॅट. आरएक्स ६४०० हे कार्ड तेवढ्यात भागवतं, पण त्याला लेन (डेटा जायच्या वाटा) चारच. आमच्यासारख्या पीसीआय-ई ३च्या (जुन्या, हळू स्लॉटच्या) बोर्डावर ते अडखळतं. म्हणून जीटीएक्स १६५० घेतलं, बिनाकनेक्टरचं (वेगळी वायर न लागणारं) आणि लो-प्रोफाइल (बुटकं), कारण कॉम्प्युटरचा डबा अरुंद. (याच नावाची ६ पिनची वायर लागणारी कार्डंही मिळतात, खोक्यावरचा फोटो नीट बघा.)

मे महिन्यात इकडं पारा ४५च्या घरात. झाकण काढून ठेवायचा मोह होतो, पण धूळ त्याहून वाईट. झाकण लावूनच डबा भिंतीपासून वीतभर पुढं ओढला. भाचा आता १०८०पी मीडियम सेटिंगवर खेळतो. लाईन गेली की यूपीएसवर गेम सेव्ह करण्यापुरता वेळ मिळतो.