डोंगरातल्या उंदरांवरचे माइट गोळा करताना या चुका टाळा

रानउंदीर, चिचुंद्री, पाइका (सशाच्या नात्यातला डोंगराळ भागातला छोटा प्राणी) यांच्या अंगावरचे माइट, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव, अभ्यासायचे म्हटले की नवखे सगळी काळजी सूक्ष्मदर्शकाची करतात. काम बिघडतं ते त्याच्या कितीतरी आधी, प्राणी हाती आल्यानंतरच्या पहिल्या तासात. माइट कोणाच्या अंगावरचा आणि कुठल्या भागातला, हे एकदा हातचं गेलं की ते परत मिळत नाही.

सगळ्यात महागात पडते ती एकाच पिशवीत दोन-तीन प्राणी टाकण्याची घाई. प्राणी मरून थंड पडू लागला की लेलॅप्ससारखे चपळ माइट अंग सोडतात आणि शेजारच्या उबदार अंगावर चढतात. मग उंदराचा माइट चिचुंद्रीवर ‘सापडतो’ आणि नवी नोंद मिळाल्याचा आनंद होतो! प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र, पांढऱ्या कापडाची पिशवी हवी. प्राणी काढल्यावर ती उलटी करून पांढऱ्या ट्रेवर झटकायची, कारण शिवणीत बरेच दडून बसतात. पुन्हा वापरण्याआधी ती उकळत्या पाण्यातून काढायची. सापळेही धुवायचे. चिचुंद्र्या उपाशी काही तासच तग धरतात आणि उंचावरच्या गारठ्यात त्याहून कमी. त्यामुळे सापळ्यात कापूस आणि खाद्य ठेवा, रात्रीतूनही फेरी मारा. सकाळी उशिरा गेलात तर प्राणी मेलेला आणि माइट पसार.

दुसरी चूक अंगावर ब्रश फिरवून ‘हा उंदीर स्वच्छ’ असं लिहून टाकण्याची. ब्रशने फक्त मोकळे फिरणारे पडतात. मायोबिड माइट केसाच्या बुडाशी पुढच्या पायांनी घट्ट पकडून असतात. मेलेला प्राणी साबणाच्या पाण्यात खळबळून ते पाणी निवळू दिलं तर ते तळाशी मिळतात. डेमोडेक्स नावाचा माइट तर केसांच्या मुळातच राहतो. आणि कान? कानाच्या आत नारिंगी ठिपक्यांचा पुंजका दिसला तर ते चिगर, म्हणजे ट्रॉम्बिक्युलिड माइटच्या अळ्या, जेमतेम पाव मिलिमीटरच्या. चिमट्याने ओढल्या की मुखावयव कातडीतच राहतात आणि ओळख पटवायला नेमके तेच लागतात. मेलेल्या प्राण्याचा कानच कापून अल्कोहोलमध्ये टाकावा. जिवंत असेल तर पात्याच्या बोथट बाजूने हळूच खरवडावं.

चिगरला सहाच पाय दिसले म्हणून तो कीटक समजू नका. माइटच्या अळीला सहा पाय असतात, आठ नंतर येतात. चिगरचे प्रौढ मातीत राहतात, कोणाच्या अंगावर नाही. चिगर रक्तही पीत नाहीत. लाळेने विरघळलेली कातडी शोषतात.

कुपीत फॉर्मॅलिन नको, डीएनए खराब होतो. ९५ टक्के इथेनॉल बरं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका. माझ्या पहिल्या हंगामात बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळली आणि बारा कुप्या बेवारस झाल्या. काचपट्टीवर माइट काळाच दिसत असेल तर त्याचं पोट भरलेलं आहे. तो पारदर्शक व्हावा म्हणून आधी लॅक्टिक आम्लात ठेवा. हॉयरच्या माध्यमातली (माइट काचपट्टीवर बसवायच्या चिकट द्रावातली) काचपट्टी ४५ ते ५० अंशांवर साधारण आठवडाभर वाळवा आणि कडा सील करा, नाहीतर ती ओल धरते.

आकड्यांत हमखास होणारा गोंधळ सरासरीचा. ४० उंदरांपैकी १० वर मिळून २०० माइट असतील तर लागण झालेल्या उंदरामागे २० आणि एकूण उंदरांमागे ५. दोन्ही ‘सरासरी’च. कुठली, ते लिहा. त्यातही एकाच उंदरावर १२० असू शकतात, कारण माइट असे मूठभर प्राण्यांवरच दाटलेले असतात.

पायथ्याला जूनमध्ये आणि माथ्याला सप्टेंबरमध्ये नमुने घेऊन ‘उंचीचा परिणाम’ लिहिणारे मला नेहमी भेटतात. दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं हे खरं, पण इथे ऋतूही बदलला आणि बहुधा उंदराची जातही. मग फरक नेमका कशाचा? निदान एकाच जातीची तुलना एकाच काळात करा.

हातमोजे घाला, पँट मोज्यांत खोचा, गवतावर बसू नका. काही चिगर स्क्रब टायफस या तापाच्या आजाराचे जिवाणू वाहून आणतात. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली काळी खपली आहे का पाहा आणि डॉक्टरांना उंदीर हाताळल्याचं आधी सांगा.