पुन्हा पांढरा पट्टा

नाशिकहून तायक्वांदोचा ब्लॅक बेल्ट घेऊन मी एम. एस. करायला व्हर्जिनियात गेलो. हातात कला आहे, तिकडे क्लास घेऊन चार पैसे सुटतील, असा माझा हिशेब. तो पहिल्याच आठवड्यात कोलमडला. विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर कमाई करता येत नाही. तेव्हा आधी विद्यापीठाचा क्लब गाठा, फुकट का होईना.

आमच्या क्लबात आठवड्यातून एकदा एक कोरियन मास्टर यायचे. त्यांनी माझी किक पाहिली आणि काही न बोलता नवशिक्याचा पांढरा पट्टा पुढे केला. पट्टा बांधला, पण कान लाल झाले होते. मग त्यांनी खाली वाकून एका बोटाने माझी उभ्या पायाची टाच फिरवली. राउंडहाउस (बाजूने फिरवून मारायची किक) मारताना ती टाच समोरच्याकडे वळायला हवी. नाहीतर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. इतकी वर्षं मी नुसता जोर लावत होतो! पुढचे दोन महिने टाच फिरवण्यातच गेले. तळव्याला फोड आले ते वेगळंच.

त्यांच्याच तोंडून मी जून री हे नाव ऐकलं (माणसाचं नाव आहे, महिन्याचं नव्हे). १९५६ मध्ये हा कोरियन तरुण विमानदुरुस्तीच्या प्रशिक्षणासाठी टेक्सासला आला, मायदेशी जाऊन पुन्हा शिकायला परतला आणि सॅन मार्कोसच्या कॉलेजातच शिकवू लागला. ‘तायक्वांदो’ हे नाव तेव्हा कोरियातही नवं. अमेरिकेत ते कोण ओळखणार? त्यांनी सरळ ‘कराटे’ म्हणून शिकवलं. आपल्याकडच्या कडव्या मंडळींना हे खपणार नाही, पण मला त्यात धंद्याची अक्कल दिसते. माणूस आधी दारात तर आला पाहिजे.

१९६२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये स्वतःची शाळा काढली आणि १९६५ पासून चक्क अमेरिकी संसदेच्या सदस्यांना शिकवलं. ब्रूस लीशी दोस्ती होती. त्याला यांनी किक्स शिकवल्या, त्याच्याकडून पंच घेतला आणि तो पुढे मुहम्मद अलीला शिकवला. हे किस्से सगळेच सांगतात. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते त्यांचे फोमचे गार्ड. सरावात माणसं दुखापतीने गळत होती. १९७० च्या दशकात त्यांनी हातापायांना, डोक्याला घालायचे मऊ गार्ड आणले. नवखा माणूस मार खायला घाबरतो आणि तिसऱ्या दिवशी येईनासा होतो, हे शिकवणाऱ्यालाच कळतं.

तुम्ही शिकायला जाणार असाल तर करार वाचल्याशिवाय सही करू नका. पुढे एका शाळेत मी वर्षभराचा करार केला. बेल्ट टेस्टची फी वेगळी, हे नंतर कळलं. ‘मधे सोडता येईल का आणि टेस्टला किती लागतात’, हे दोन प्रश्न आधी विचारा. ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर कुक्कीवॉनचं, म्हणजे तायक्वांदोच्या सोलमधल्या मुख्य केंद्राचं, डॅन (ब्लॅक बेल्टची पायरी) सर्टिफिकेट मिळणार का, हेही. नंबर टाकून ते ऑनलाइन तपासता येतं. आणि आयटीएफ या तायक्वांदोच्या वेगळ्या संघटनेची शाळा असेल तर आपले तेगुक पूमसे (हालचालींचे ठरावीक क्रम) तिथे चालत नाहीत, त्यांचे पॅटर्न वेगळे.

शिकवायची पाळी माझ्यावर आली ती एका रविवारी, प्राध्यापकांच्या पोरांसमोर. मी आपला नाशिकच्या सवयीने ‘चार्योत!’ (सावधान!) म्हणून ओरडलो. पुढचं पोरगं माझ्या तोंडाकडे बघत राहिलं, एक रडायच्या बेतात. मास्टर शांतपणे पुढे झाले, टाचा जुळवून ताठ उभे राहिले. पोरं आपोआप ताठ. त्यांचं इंग्रजी माझ्याहून कच्चं, पण वर्ग त्यांच्या मुठीत.

त्या दिवशी एकाचा पट्टा सुटला. मी समोर बसून बांधायला गेलो तर डावं-उजवं उलटं, गाठ तिरकी. मास्टर म्हणाले, ‘मागे.’ पोराच्या पाठीशी गुडघे टेकून, त्याच्या खांद्यावरून बघत बांधायचा. मग हात आपल्या स्वतःच्या पट्ट्यावर चालतात तसेच चालतात.