फायबर होडीचा इंजिन-बेड कुजला? मुळापासून असा बदला

इंजिन सुरू केलं की होडी पूर्वीपेक्षा जास्त थरथरते. बेडचे बोल्ट दर महिन्याला आवळावे लागतात आणि एखादा तर पाना लावला की नुसताच गरगर फिरतो. अशा वेळी बहुतेक जण जरा जाड बोल्ट ठोकून मोकळे होतात. तो एक सीझन निघतो, पुढच्या वर्षी भोक आणखी मोठं झालेलं असतं. दोष बोल्टाचा नसतोच, फायबरच्या आतलं लाकूड गेलेलं असतं.

इंजिन ज्या दोन लांब पट्ट्यांवर बसतं, तोच बेड. या पट्ट्या अनेक होड्यांत लाकडाच्या असतात, वरून फायबरचं आवरण. हे लाकूड समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याने जास्त कुजतं. कुजवणाऱ्या बुरशीला मीठ सोसत नाही, गोडं पाणी आणि ऊब मिळाली की ती फोफावते. पाणी शिरतं बोल्टाच्या भोकांतून. त्यामुळे शाकारलेल्या होडीवरचं एखादं झाप (विणलेल्या झावळ्यांचं आच्छादन) गळत असेल, तर तेवढंही पुरतं.

आधी कुजकेपणा कुठवर गेलाय ते बघा. हातोडीच्या लाकडी दांड्याने बेड ठोकत जा. टणटणीत आवाज बद झाला, की तिथे खूण करा. मग बाजूने, खालच्या अंगाला, हातभर अंतरावर ५ मिमीची भोकं पाडा. कोरडा, फिका भुसा आला तर लाकूड शाबूत आहे. काळपट ओला गोळा बाहेर आला, कुबट वास सुटला, कधी कोऱ्या चहासारखं पाणी टपकलं, तर बेड उघडावाच लागणार. वरून भोक पाडून फसू नका. वरचं लाकूड धड आणि तळ भुसभुशीत, असं पुष्कळदा निघतं.

आता मापं, आणि तीही इंजिनाला हात लावण्याआधी: बेडची रुंदी, दोन्ही बेडमधलं अंतर, पुढच्या आणि मागच्या पायापाशी शाफ्टच्या (पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून बेडच्या माथ्याची उंची. प्लायचा एक साचा कापून ठेवलात तर उत्तम. पहिल्या खेपेला मी सगळी मापं पुठ्ठ्यावर लिहिली आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुठ्ठ्यावर पुट्टी कालवली. तेव्हापासून मापं होडीच्या आतल्या बाजूलाच मार्करने लिहितो.

होडीला खालून सारखे टेकू द्या, नाहीतर बेड काढल्यावर तळ हलतो. चेन ब्लॉक (इंजिन उचलायची साखळीची कप्पी) टांगायची घोडी जमिनीवर उभी करा, होडीच्या काठांवर नको. बॅटरी, डिझेलची नळी, पाण्याचे पाइप, सायलेन्सर आणि कपलिंग (इंजिन-शाफ्टचा जोड) सोडवून इंजिन उचला.

ग्राइंडरने बेडचा माथा आणि एकच बाजू कापा. दुसरी बाजू उभी राहिली की तीच नव्या लाकडाचा साचा होते. तळाशी जुन्या फायबरची दोन बोटं पट्टी ठेवा. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच. कुजका भाग निघाल्यावर पुढचं एक वीतभर चांगलं वाटणारं लाकूडही काढा.

मग वाळवण. सगळ्यांची घाई इथेच होते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे होडी रिकामी मिळते ती नेमकी पावसात. पक्कं छप्पर, पंखा आणि बल्ब लावून वाळवा. रात्री उघड्या केलेल्या भागावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं, तर अजून थांबा.

नव्या लाकडासाठी साग आठवतो, पण तो तेलकट, रेझिन (फायबरचं कापड भिजवून घट्ट करणारा चिकट द्रव) त्याला नीट धरत नाही. आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचं मरीन प्लाय थरावर थर चिकटवून जाडी करा. रेझिन इपॉक्सी घ्या. पॉलिएस्टर स्वस्त, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला त्याची पकड कमी. इपॉक्सीबरोबर साधी चॉप्ड मॅट (तुटक धाग्यांची) मात्र वापरू नका, तिचा बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ, इपॉक्सीत विरघळत नाही. विणलेलं कापड घ्या. पॉलिएस्टरच वापरणार असाल तर त्यात घालायचा कोबाल्ट (रेझिन लवकर वाळवणारं द्रव्य) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो.

लाकडाच्या कडा गोल करा, कापड काटकोनात बसत नाही. सगळ्या बाजूंना, विशेषतः टोकांना, पातळ इपॉक्सी पाजा. एरोसिल (घट्टपणा आणणारी बारीक पूड) घातलेल्या घट्ट इपॉक्सी पुट्टीच्या गादीवर लाकूड दाबून बसवा, कोपऱ्यात अंगठा फिरेल एवढी गोलाई द्या. जुन्या कापलेल्या तुकड्याची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे, इपॉक्सीत भिजवलेल्या कापडाचे थर चढवा. प्रत्येक थर होडीच्या तळावर आधीच्यापेक्षा दोन बोटं पुढे न्या. थर वाळल्यावर वर मेणचट थर आला, तर पाण्याने घासून धुवा आणि मगच पुढचा द्या.

बोल्टाचं भोक आधी मोठं पाडा, पुट्टीने पूर्ण भरा, वाळलं की त्याच्या मधोमध योग्य मापाचं भोक पाडा. आता पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही.

इंजिन बसवून कपलिंगच्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवा. १०० मिमी व्यासाच्या कपलिंगला चारी बाजूंत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. हे माप जमिनीवरचं झालं. पाण्यात तरंगल्यावर तळ किंचित आकार बदलतो, म्हणून एक दिवस होडी पाण्यात ठेवून पुन्हा तपासा, आणि दहाएक तास इंजिन चालल्यावर बोल्ट परत आवळा. पुढे कधी पाइपाचा क्लॅम्प लावायला बेडवर स्क्रू मारायची वेळ आलीच, तर त्या भोकालाही आधी पुट्टी.