जुन्या मिलिंगला राइट अँगल हेड बसवताय? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड लिंक रोडच्या भंगारात राइट अँगल हेड (कटर काटकोनात फिरवणारी मिलिंग मशीनची जोडणी) दिसलं की हात आधी खिशात जातो आणि व्हर्निअर (व्यास मोजायचं मापक) घरी आल्यावर निघतं. मग "बसत नाहीये" म्हणून फोन. बसणार कसं?

पहिली चूक: स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या दांड्याच्या) तोंडाचा व्यास मोजून टेपर, म्हणजे आतल्या निमुळत्या भोकाचा प्रकार, ठरवणं. (आयएसओ, आर-8, मोर्स हे ते प्रकार; मापं मिमीमध्ये.) "31.75 आला, म्हणजे आयएसओ 30." अहो, आर-8 चं तोंडही 31.75 च असतं, आणि मोर्स 4 चं 31.27. स्पिंडलचं तोंड झिजलेलं असेल तर व्हर्निअरवर तिन्ही सारखेच. कोनही दगा देतो: आर-8 चा 16 अंश 51 मिनिटं, आयएसओ 30 चा 16 अंश 36 मिनिटं. त्यापेक्षा स्पिंडलमध्ये टॉर्च मारा. थोडा टेपर आणि मागे 24.1 चा सरळ बोअर (भोक) असेल तर आर-8. नोजच्या (स्पिंडलच्या टोकाच्या) तोंडावर समोरासमोर दोन चौकोनी की (अडकवणारे ठोकळे) असतील तर आयएसओ. आतपर्यंत जेमतेम निमुळतं होत गेलेलं असेल तर मोर्स.

आयएसओ 40 ओळखणं सोपं (तोंड 44.45), पण तिथे ड्रॉबार (टेपर वरून ओढून धरणारा लांब बोल्ट) फसवतो. एम16 आणि 5/8 इंच दिसायला एकच. दोन-तीन आटे जातो, मग अडकतो. तिथे पाना लावून जोर करणाऱ्याला मशीनजवळ फिरकू देऊ नये. पिच गेज (आट्यांचं अंतर मोजणारं) लावा: 2 मिमी की इंचाला 11 आटे, ते लगेच कळतं.

हेड सैल बसतं म्हणून क्विलवर (स्पिंडलला धरून वर-खाली होणाऱ्या नळीवर) पट्टी गुंडाळणं. ही सगळ्यात आवडती चूक. ब्रिजपोर्ट मिलिंग मशीनच्या जे हेडचं क्विल 3 3/8 इंच, म्हणजे 85.73. कॉपी मशीनवर कधी 85, कधी 86 निघतं. अंबडच्या एका शॉपमध्ये 85 च्या क्विलवर कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी चार वेढे गुंडाळून हेड आवळलं. पहिला कट छान गेला. दुसऱ्या कटाला फीड वाढवला आणि हेड फिरलं. पट्टीची टोकं जिथे एकावर एक आली होती तिथे क्विलवर ओरखडा उमटला, आणि क्विल वर जाईना. पट्टी गोलाईत सारखी बसत नाही. एका रेषेवर पकडते, आणि हेडचा सेंटर स्पिंडलच्या सेंटरवरून सरकतो तो वेगळाच.

क्विल 85 चं आणि हेडचा बोअर 85.73 चा, या फरकाचं बुश (मधे बसणारी बाही) करायचं तर भिंत 0.36 ची, ती चकमध्येच वाकते. म्हणून अटॅचमेंटच, म्हणजे राइट अँगल हेडच, मोठं बोअर करायचं आणि जाड बुश बसवायचं. बोअर 95 केल्यावर हेडची भिंत 10 मिमी उरत असेल तरच. क्लॅम्पच्या खाचेत खाचेएवढीच पट्टी घालून बोल्ट आवळा, जुन्या बोअरला डायल गेज लावून सेंटर घ्या, मग कापा. बुश बिडाचं किंवा गनमेटलचं. आतला आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये, आतून क्विलपेक्षा 0.02 मोठं. बुशची खाच शेवटी पाडायची आणि क्लॅम्पच्या खाचेसमोर ठेवायची. क्विल 86 निघालं तर नुसतं अटॅचमेंट तेवढं बोअर करा. क्विल ग्राइंड करायला कुणी सुचवलं तर चहा पाजून परत पाठवा.

आवळतानाही क्रम पाळा. आधी ड्रॉबार, मग हेड वर सरकवून क्लॅम्प हलका, स्पिंडल हाताने एक पूर्ण फेरा फिरवा, आणि कुठेच जड लागत नसेल तरच शेवटचा पाना.

बाकीच्या किरकोळ. कटर कुठल्या बाजूला फिरतो ते मोटर चालू करण्याआधी बघा, बेव्हलमुळे (काटकोनात वळवणाऱ्या गिअरमुळे) दिशा उलटू शकते. ग्रीस ठासून भरू नका, मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा पुरे. कमी स्पीडवर दहा-पंधरा मिनिटांत हेडवर हात ठेववत नसेल तर ग्रीस जास्त आहे किंवा बेअरिंग आवळलेलं आहे. बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली सैल जागा) 0.05 ते 0.10 असू द्या, शून्य करायला जाऊ नका. आणि उभ्या हेडवर घेता तेवढा कट इथे मागू नका, आतले गिअर लहान असतात.

घेताना इनपुट शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी टक्‌ आलं तर दाताचा तुकडा गेलेला आहे. भाव कितीही पडला तरी ते हेड तिथेच ठेवा. जुन्या बेव्हलची जोडी सुटी मिळत नाही, आणि एकच गिअर नवा केला तर तो जुन्या गिअरबरोबर रडतच फिरतो.