काउंटरवेट फ्लाय: आधी काय चढवायचं, आधी काय उतरवायचं

रंगमंचावरचे पडदे, झालरी, फ्लॅट (नेपथ्याच्या सपाट चौकटी) विटांच्या वजनाने तोलून वर नेणाऱ्या काउंटरवेट फ्लायमध्ये खरा धोका वजन चढवता-उतरवताना असतो. पडदा ज्याला बांधतात तो आडवा पाइप वायररोपने (तारेच्या दोराने), ग्रिडवरच्या म्हणजे छताखालच्या जाळीवरच्या पुलींवरून, विंगेतल्या आर्बरला जोडलेला असतो. आर्बर म्हणजे लोखंडी विटा रचायची चौकट. पाइप खाली आला की आर्बर वर लोडिंग गॅलरीपाशी, म्हणजे विटा चढवायच्या सज्जापाशी, पोचतो. नियम एकच: जड बाजू आधीच तळाला असावी, म्हणजे तिला पडायला जागाच उरत नाही.

म्हणून पाइप खाली आणा, आधी पडदा बांधा, मगच गॅलरीतून विटा चढवा. उतरवताना पाइप पुन्हा खाली, पण आधी विटा काढा आणि मग पडदा सोडा. घाईत पडदा आधी सुटला, तर भरलेला आर्बर कोसळतो आणि रिकामा पाइप ग्रिडवर जाऊन आदळतो.

विटा अंदाजाने चढवू नका. 12 मीटर रुंद, 6 मीटर उंच मखमली पडद्याला दीडपट चुणी आणि चौरस मीटरला 500 ग्रॅम कापड धरलं, तर 54 किलो होतात. 10 किलोच्या 5 विटा चढवा. उरलेले 4 किलो हाताला झेपतात. खुद्द पाइपला तोलणाऱ्या विटा आर्बरवर कायम राहतात. त्या पिवळ्या रंगवा, म्हणजे चुकून निघणार नाहीत. विटांच्या मधे साधारण दर 60 सेंटिमीटरला स्प्रेडर प्लेट (आर्बरचे रॉड एकत्र धरणारी पट्टी) हवी; नाहीतर धक्क्याने उभे रॉड फाकतात आणि विटा ओघळतात. सर्वांत वरची, विटा दाबून धरणारी लॉकिंग कॉलर घट्ट करायला विसरू नका.

आर्बर हाताने वर-खाली करायच्या दोराला जागच्या जागी धरणारा रोप लॉक हा ब्रेक नव्हे. तोल साधारण 20 किलोंनी बिघडला तरी तो दगा देऊ शकतो. उघडण्यापूर्वी पुढचा-मागचा दोर एकत्र मुठीत दाबा, लॉक किंचित सैल करा; दोर सरकू लागला तर लगेच बंद करा. पाइप सुटलाच, तर दोर धरायला जाऊ नका. ओरडून सगळ्यांना सावध करा आणि पाइपखालून, आर्बरजवळून लांब व्हा.

जमिनीवर आडवा असलेला उंच फ्लॅट फसवा असतो. त्याचं वजन पाइप वर जाईल तसतसं येतं, त्यामुळे सगळ्या विटा सुरुवातीलाच चढवल्या तर वरचा आर्बर जड होतो. इथे विंच (दोर गुंडाळून भार ओढणारं यंत्र) लावा.

देखभालीत वायररोपवर कापड फिरवा; तुटलेली तार त्यात अडकते. एक पीळ पूर्ण होण्याच्या लांबीत 6 तारा, किंवा एकाच लडीत (पेडात) 3, तुटलेल्या दिसल्या की अख्खी वायर बदला. वायरचं वळवलेलं टोक यू-क्लिपने आवळलं असेल तर क्लिपचं खोगीर (खाचेचा तुकडा) भार घेणाऱ्या वायरवर, यू-बोल्ट आखूड टोकावर. उलट बसवली तर तो बोल्ट भाराची वायरच चेपतो. भार आल्यावर नट पुन्हा आवळा. लॉकखाली दोराचा भुसा साचत असेल, तर लॉक दोर खातोय. नैसर्गिक धाग्याचा मनिला दोर पावसाळ्यात आवळतो, उन्हाळ्यात सैल पडतो. किनारपट्टीवरच्या नाट्यगृहांत पॉलिएस्टरच घ्या.