पायथॉन की लुआ? आधी डीएडब्ल्यू बघा

साउंडच्या कामात आलेली, थोडंफार कोडिंग येणारी मुलं हटकून विचारतात, "पायथॉन शिकू की सी प्लस प्लस?" मी उलट विचारतो, "काम कशावर करतोस?" भाषा आपण निवडायच्या आधी बहुतेक वेळा डीएडब्ल्यूनेच, म्हणजे रेकॉर्डिंग-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरनेच ठरवून टाकलेली असते.

बिटविगला कंट्रोलर (बटणं-नॉब असलेलं यंत्र) जोडायचा तर जावा किंवा जावास्क्रिप्ट, एफएल स्टुडिओत पायथॉन. एबलटन लाइव्हवाले बहुतेक मॅक्स फॉर लाइव्हच्या, म्हणजे चौकोन तारांनी जोडून प्रोग्रॅम करायच्या वाटेने जातात. लॉजिकमधल्या स्क्रिप्टरला जावास्क्रिप्ट चालते खरी, पण तो मिडीपुरताच, म्हणजे वाद्यांच्या सूर-सूचना बदलण्यापुरताच. नवा ट्रॅक उघडणं, रेंडर मारणं (तयार ऑडिओ फाइल काढणं) त्याच्या हातात नाही. सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या आधी हे माहीत असलेलं बरं. सी प्लस प्लस लागते ती स्वतःचा प्लगइन, म्हणजे डीएडब्ल्यूत जोडायचा इफेक्ट किंवा वाद्य बनवायला. तो वेगळा धंदा आहे.

माझं काम डबिंग आणि ऑडिओबुकच्या एडिटिंगचं, रीपर या डीएडब्ल्यूवर. त्यात ईईएल (रीपरची स्वतःची छोटी भाषा), लुआ आणि पायथॉन चालतात. पायथॉन येत असूनही मी लुआ घेतली, कारण ती रीपरच्या पोटातच असते. पायथॉन मात्र प्रत्येक मशीनवर वेगळी टाका, मग रीपरला तिचा पाथ दाखवा. भाड्याच्या स्टुडिओत दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ही उठाठेव कोण करू देतो!

पहिली स्क्रिप्ट रिकामे ट्रॅक उडवणारी लिहा. दिसायला सोपी आहे, पण बरंच शिकवते. स्क्रीनवर पहिल्या ट्रॅकचा नंबर १ असतो, स्क्रिप्ट त्याला ० म्हणते. वरून खाली उडवत गेलात तर घोळ ठरलेला: एक ट्रॅक गेला की खालचा त्याच्या जागी सरकतो आणि लूप त्याला न बघताच पुढे जातो. म्हणून मोजायचं शेवटापासून. शिवाय 'रिकामा' कशाला म्हणायचं? रिव्हर्बच्या बसवर (इतर ट्रॅकचा आवाज जिथे घुमवायला पाठवतात तो ट्रॅक) किंवा फोल्डर ट्रॅकवर एकही आयटम, म्हणजे ऑडिओचा तुकडा नसतो, तरी ते उडाले तर मिक्सचे बारा वाजतील. तेव्हा रिसीव्ह (दुसऱ्या ट्रॅकवरून येणारा आवाज) आणि फोल्डर तपासल्याशिवाय डिलीट नको. आणि सगळं एका अनडू ब्लॉकमध्ये ठेवा, म्हणजे एका कंट्रोल-झेडमध्ये सेशन पूर्ववत. क्लायंट मागे सोफ्यावर बसलेला असतो तेव्हा याचं मोल कळतं.

फेडरचंही (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीचंही) एक सांगतो. स्क्रिप्टला डेसिबल कळत नाहीत: १ म्हणजे ० डेसिबल, ०.५ म्हणजे साधारण उणे ६. डेसिबलला २० ने भागायचं आणि येईल तो १० चा घातांक. हे सूत्र चिकटवून ठेवा.

पण त्याही आधी प्रश्नचिन्हाची की दाबून ॲक्शन लिस्ट उघडा आणि हवं ते शोधा. पुष्कळदा तीन-चार ॲक्शन ओळीने लावून कस्टम ॲक्शन केली की काम होतं, कोडची एक ओळही लागत नाही. कोडिंग येणाऱ्यांना हे कमीपणाचं वाटतं, का कोण जाणे.

पायथॉनचा हट्टच असेल तर ती बाहेरून वापरा. टॅब्लेटवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून रीपर चालवायचा असेल तेव्हा पायथॉनमधून ओएससीचे (ओपन साउंड कंट्रोल, नेटवर्कवरून सूचना पाठवायची पद्धत) मेसेज वायफायवरून पाठवता येतात. १९८३ सालच्या मिडीत साध्या कंट्रोलला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या. ओएससीत दशांश जातात, त्यामुळे हळू फेड करताना आवाज टप्प्याटप्प्याने उतरत नाही. रीपर पैसे न भरता ६० दिवस पूर्ण वापरता येतो, तेवढ्यात पहिली स्क्रिप्ट आणि ओएससी, दोन्ही करून होईल.